पदवी आणि हाताचे कसब



आपले सोलापूर मागाच्या आवाजावर वाढले. 1877 साली येथे जुनी मिल सुरू झाली आणि पुढे गिरण्यांचे शहर म्हणून गावाची ख्याती झाली. मागवाल्या घरांतील मुले वडिलांच्या शेजारी बसून कांडी भरण्यापासून चादर विणण्यापर्यंतचे कसब शिकली. तरीही शिकलेल्याने हाताने काम करू नये, अशी समजूत आपल्यात रुजली. म्हणूनच महाविद्यालयाने पदवीसाठी काही आठवडे प्रत्यक्ष कामावर जाण्यास सांगितले, की पुष्कळ पालक विचारतात, "कामच करायचे, तर कॉलेज कशाला?" या प्रश्नाचे उत्तर इतिहासात सापडते.

1906 साली अमेरिकेतील सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर या प्राध्यापकांनी 27 विद्यार्थ्यांना घेऊन एक प्रयोग केला. विद्यार्थ्यांनी एक आठवडा वर्गात शिकावे व पुढचा आठवडा कारखान्यात काम करावे. अभियंत्याला लागणाऱ्या कित्येक गोष्टी चार भिंतींत शिकविता येत नाहीत, हे त्यांनी ओळखले होते.

आपल्या देशात 1937 साली वर्धा येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते जामिया मिलियाचे डॉ. झाकिर हुसेन, जे पुढे 1967 साली राष्ट्रपती झाले. शालेय शिक्षणाच्या केंद्रस्थानी हस्तोद्योग असावा, अशी त्या समितीची शिफारस होती.

हाच विचार कर्मवीर भाऊराव पाटलांनी महाविद्यालयापर्यंत नेला. 1919 साली रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीरांनी 1947 मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढले. तेथे गरिबाच्या मुलांनी श्रम करून पदवी मिळविली. 'कमवा आणि शिका' या योजनेने श्रमाची लाज घालविली.

कायदाही मागे राहिला नाही. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात 1973 साली दुरुस्ती होऊन अभियांत्रिकीचे पदवीधर व पदविकाधारक त्यात आले. त्यांना कारखान्यात विद्यावेतनावर उमेदवारी करता येऊ लागली. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर सर्वच शाखांच्या पदवी-शिक्षणात प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाला स्थान दिले. साताऱ्यात श्रमातून शिक्षणाचा खर्च भागत असे. आता काम हेच शिक्षणाचा भाग झाले आहे.

विद्यार्थी मित्रांनो, आज धोका निराळाच आहे. ओळखीच्या दुकानदाराकडून शिक्का मारून घ्यायचा आणि दाखला कॉलेजात द्यायचा, ही पळवाट सोपी वाटते. पण नोकरीच्या मुलाखतीत "तुम्ही तेथे काय केले?" असा प्रश्न आला, म्हणजे शिक्का बोलत नाही. कामावर जा, रोज काय शिकलात ते वहीत लिहा, न समजलेले जुन्या कामगाराला विचारा.

आणि पालकहो, मुलीला पाठवायचे म्हटले की आपले मन कचरते. काळजी रास्त आहे. तेव्हा कामाची जागा स्वतः जाऊन पाहा, वेळ व जबाबदारी यांचे पत्र कॉलेजकडून घ्या, आणि मग तिला अवश्य पाठवा. ज्या मागाने आपली घरे चालविली, तो पाहूनच शिकता आला नाही, त्यावर बसावे लागले. पदवीचेही तसेच आहे.