भाताला पाणी गार नळाचे की गरम?

ग्लासगोला शिकायला गेलेल्या माझ्या मैत्रिणीला घरमालकीणबाईंनी पहिल्याच दिवशी बजावले, भाताला पाणी गार नळाचेच घ्यायचे. तिला तो निव्वळ विक्षिप्तपणा वाटला. तो तसा नव्हता.

१४ ऑक्टोबर १८५९ रोजी राणी व्हिक्टोरियाच्या हस्ते लॉक कॅट्रिन सरोवराचे पाणी ग्लासगोकडे सोडण्यात आले. कॉलऱ्याने वारंवार होरपळलेल्या शहराला ते वरदानच ठरले. पाणी स्वच्छ आणि अत्यंत मृदू. इतके की साबणाला चटकन फेस यावा. मेख मात्र तिथेच होती. कठीण पाणी नळाच्या आतून चुन्याचा थर बसवते आणि धातू झाकला जातो. मृदू, किंचित आम्लधर्मी पाण्यात हा थर बसत नाही. ग्लासगोच्या घरांतले नळ शिशाचे, कित्येक ठिकाणी टाक्यांनाही आतून शिशाचाच पत्रा. पाणी रात्रभर साचून राहिले की शिसे विरघळे. पाणी गरम असले तर अधिकच. उकळून ते जात नाही. उलट पाणी आटते आणि शिशाचे प्रमाण वाढते. सर्वाधिक अपाय लहान मुलांच्या मेंदूला.

हे कोणाला ठाऊक नव्हते असे नाही. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात रोमन वास्तुकार विट्रुव्हियसने शिसेकाम करणाऱ्यांच्या फिकट चेहऱ्यांकडे बोट दाखवून मातीचे नळ सुचवले होते. पण शिसे सहज वाकते, जोडता येते, टिकते. रोमनांनी तेच वापरले. ‘प्लंबर’ हा शब्दच शिशाच्या ‘प्लंबम’ ह्या लॅटिन नावावरून आला. (‘शिशामुळे रोम बुडाले’ हे विधान आकर्षक असले तरी मला ते पटत नाही. रोमचे पाणी चुनायुक्त होते आणि बहुधा अखंड वाहते असे.)

ग्लासगोत १९७० च्या दशकात संशोधकांनी नागरिकांच्या रक्तातील शिसे मोजले, तेव्हा कुठे १९७८ पासून पाण्यात चुना मिसळणे सुरू झाले. अमेरिकेने नव्या नळकामात शिशाचे नळ आणि शिसेयुक्त डाख १९८६ साली बंद केले. जुने नळ जमिनीखाली तसेच राहिले. २०१४ मध्ये फ्लिंट शहराने पाण्याचा स्रोत बदलला, पण गंजरोधक रसायन मिसळले नाही, आणि तेच शिसे घराघरांत उतरले.

मैत्रिणीची इमारत व्हिक्टोरियाकालीन आहे. सकाळी ती आधी गार नळ थोडा वेळ वाहू देते, मग कुकर लावते.