ओवीच्या चालीची वाटचाल

छत्रपती संभाजीनगराच्या दक्षिणेस गोदाकाठी पैठण वसले आहे. तेथील संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला आणि त्यात कोणी आपली ओवी घालू नये, अशी ताकीदही दिली. ग्रंथातील ओवीला हा दंडक योग्यच होता. गळ्यातील ओवीचा न्याय मात्र निराळा.

ही ओवी ग्रंथाहून जुनी होय. स्त्रिया कांडताना ओवी गातात, असा उल्लेख चालुक्य राजा सोमेश्वराच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथात आहे. ज्ञानेश्वरी १२९० सालची. या ओवीची चाल मोजक्याच सुरांची. जात्याच्या फेऱ्यांबरोबर एखादी अर्धा चरण पुन्हा घेते, एखादी मध्येच ‘बाई’ घालून ताल सांभाळते, तर तिसरी शेवटचा सूर लांबविते. माहेरी शिकलेली चाल सासरच्या जोडीदारणीच्या गळ्याशी जुळवून घ्यावी लागे आणि त्यातून नवे वळण जन्मास येई. त्यास अपपाठ कसे म्हणावे?

पुढे गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या, जाती थांबली आणि चालींचा आधारच सुटला. हेमा राईरकर व गी पॉइत्व्हाँ यांनी महाराष्ट्रातील खेड्यांतून लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्यांपैकी काहींचे ध्वनिमुद्रणही झाले. शब्द कागदावर राहतात, पण चालीचे वळण ऐकल्यावाचून कळत नाही. म्हणून तेथे एक शुद्ध पाठ निवडून भागत नाही. प्रत्येक गळा जपावा लागतो.