पीए ते एमबीबीएस : मधल्या पायरीवरून वर जायचा रस्ता

(एपिसोडचा लिहून काढलेला मजकूर. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ निम्मे तरी काढून टाकलेत.)

हेडफोन लावलेत ना? लोकलमध्ये असाल तर आवाज जरा वाढवा, कारण आज सुरुवात घरातल्या एका फोनपासून आहे.

माझी एक मावसबहीण आहे. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी, म्हणजे २९. पुण्यातल्या एका खासगी हॉस्पिटलमध्ये ती फिजिशियन असिस्टंट आहे, म्हणजे पीए. काम हार्ट सर्जरी विभागात. बायपासच्या वेळी छाती उघडून सर्जन हृदयाशी काम करत असतात, तेव्हा पेशंटच्या पायातली शीर काढून तयार ठेवायचं काम ताई करते. सात वर्षं करतेय. मध्यंतरी एका रात्री साडेअकराला तिचा फोन आला. म्हणाली, “अरे, मी नीट देतेय. एमबीबीएस करायचंय. तू इंजिनीअर ना, मला एक एक्सेल करून दे. किती वर्षं, किती पैसे, सगळं त्यात टाक.”

मी म्हणालो, “अगं ताई, पण तुझी सात वर्षं धरतील ना? डायरेक्ट दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला ॲडमिशन?”

ती हसली. “शून्य धरतात. बारावीच्या पोरांच्या शेजारी बसून फिजिक्सचा पेपर द्यायचा.”

डिप्लोमा केलेली मुलं इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला येतात. माझ्या बीटेकच्या वर्गात अशी दहा-बारा जणं होती, आणि वर्कशॉपमध्ये ती आमच्यापेक्षा सरस असायची. मग डॉक्टरकीत असा पूल का नाही? एक्सेल राहिलं बाजूला, मी इतिहास वाचत बसलो.

ड्यूक, १९६५

पीए या कामाचा जन्म अमेरिकेतला. नॉर्थ कॅरोलिना राज्यात ड्यूक विद्यापीठ आहे, तिथे मेडिसिन विभागाचे प्रमुख होते डॉ. युजीन स्टेड. दुसऱ्या महायुद्धात डॉक्टर लष्करात गेल्यामुळे अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजांनी चार वर्षांचा अभ्यासक्रम तीन वर्षांत उरकला होता. स्टेड तेव्हा अटलांटात होते, आणि तिथलं मोठं हॉस्पिटल त्यांनी बरंचसं विद्यार्थ्यांच्या जिवावर चालवलं. त्यातून त्यांना एक गोष्ट पटली : नीट निवडलेला माणूस योग्य माणसाच्या हाताखाली असेल, तर डॉक्टरांची पुष्कळ कामं तो बऱ्याच कमी काळात शिकतो.

१९५० च्या दशकाच्या शेवटी ड्यूकमध्येच थेल्मा इंगल्स या नर्सिंगच्या प्राध्यापिकेबरोबर त्यांनी अनुभवी नर्सेसना पुढचं वैद्यकीय शिक्षण द्यायचा प्रयत्न केला. नर्सिंगच्या राष्ट्रीय संस्थेने मान्यता दिली नाही. मग स्टेड यांची नजर गेली नेव्हीतून परतलेल्या कोअरमन लोकांकडे. कोअरमन म्हणजे जहाजावर आणि रणांगणावर जखमींना सांभाळणारे जवान. जखमा शिवलेल्या, सलाइन लावलेली, माणसं वाचवलेली. पण गणवेश उतरवला की बाहेरच्या जगात त्यांच्या हाती कागद काहीच नाही. ज्ञान आहे आणि सर्टिफिकेट नाही, ही गोष्ट आपल्याकडच्या कोणत्याही गॅरेजमधल्या मिस्त्रीला विचारा.

१९६५ मध्ये दोन वर्षांचा कोर्स सुरू झाला. पहिल्या बॅचला चार जण, चौघेही नेव्हीचे माजी कोअरमन. ६ ऑक्टोबर १९६७ ला त्यातले तिघे पास होऊन बाहेर पडले : व्हिक्टर जर्मिनो, केनेथ फेरेल आणि रिचर्ड शील. जगातले पहिले पीए. आज अमेरिकेत ६ ऑक्टोबर हा पीए दिवस म्हणून पाळतात.

आता आपल्या प्रश्नाकडे या. कोअरमनला पीए व्हायला नवा रस्ता मिळाला. पण त्या पीएला पुढे डॉक्टर व्हायचं असेल तर? त्यासाठी रस्ता नव्हता. मेडिकल कॉलेजचा अर्ज, रसायन-भौतिक-जीवशास्त्राचे ठरलेले विषय, प्रवेश परीक्षा, मग चार वर्षं आणि त्यापुढे किमान तीन वर्षांची रेसिडेन्सी. बाकी सगळ्यांसारखंच.

यामागे १९१० चा एक अहवाल आहे, अब्राहम फ्लेक्सनर यांचा. त्यांनी अमेरिका आणि कॅनडातली १५५ मेडिकल कॉलेजं पाहिली. कित्येक ठिकाणी प्रयोगशाळा नाही, पेशंट नाहीत, फी भरली की डॉक्टर. त्यांनी सांगितलं, आधी पक्कं विज्ञान, मग पेशंट. पुढच्या काळात खूप कॉलेजं बंद पडली, आणि जी उरली ती कडक झाली. भोंदू लोक आत येऊ नयेत म्हणून एक भिंत उभी राहिली. भोंदू थांबलेच, पण अनुभवी माणसांसाठीही तिला दार ठेवलेलं नव्हतं.

दार उघडलं, पण किती?

असं दार थेट २०११ मध्ये दिसतं. पेनसिल्व्हेनियात ईरी नावाचं शहर आहे, तिथल्या लेक ईरी कॉलेज ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिनने खास पीए लोकांसाठी चाराऐवजी तीन वर्षांचा कोर्स काढला. काही जागा फॅमिली डॉक्टरसारखी प्राथमिक सेवा करणाऱ्यांसाठी राखून, कारण तुटवडा तिथेच होता.

मंडळी, इथे थोडं थांबा. माझ्यासाठी या सगळ्या वाचनातली सर्वात महत्त्वाची गोष्ट ही होती. एक वर्ष वाचवलं, ते कुठून? वॉर्डातल्या पोस्टिंगमधून. पेशंटची हिस्टरी घेणं, तपासणं हे पीएला येतंच, म्हणून तिथला वेळ कमी केला. पण सुरुवातीची दोन वर्षं, म्हणजे शरीरशास्त्र, जीवरसायन, रोगशास्त्र, ही तशीच ठेवली. थोडक्यात, ‘काय करायचं’ ते तुम्हाला येतं हे कॉलेज मान्य करतं. ‘का करायचं’ ते मात्र पहिल्यापासून शिका म्हणतं.

आणि डॉक्टर झाल्यावर सगळा फायदाच, असंही नाही. अमेरिकेतला पीए आज हाडांच्या विभागात आणि उद्या त्वचारोगात काम करू शकतो. डॉक्टरला विषय बदलायचा तर बहुतेक वेळा नवी रेसिडेन्सी. वर चढल्यावर बाजूला सरकायची मोकळीक जाते.

आपल्याकडे हा पूल होता

हे सगळं वाचून मी ताईला सांगणार होतो, “बघ, अमेरिकेलाही जवळजवळ ४५ वर्षं लागली, आपल्याकडे कुठून असणार?” पण मग भारताचं वाचलं आणि गप्प बसलो.

तुमच्या आजी-आजोबांना विचारा, गावातल्या जुन्या डॉक्टरांच्या पाटीवर काय लिहिलेलं असायचं? बऱ्याच ठिकाणी ‘एल.सी.पी.एस.’. ही पदवी १९१२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्सची. अशा डॉक्टरांना लायसेन्शिएट म्हणत. मॅट्रिकनंतर साधारण चार वर्षांचं शिक्षण. ते कॉलेजात नाही, ‘मेडिकल स्कूल’मध्ये. पुण्याचं बी. जे. आज मोठं कॉलेज आहे, ते आधी असंच बी. जे. मेडिकल स्कूल होतं. पदवीवाले एमबीबीएस शहरात, आणि तालुक्याच्या दवाखान्यात लायसेन्शिएट. सरकारी नोकरीत दोघांचा हुद्दा वेगळा, पगार वेगळा, मान वेगळा. इथे फरक नीट लक्षात घ्या : लायसेन्शिएट हे स्वतंत्रपणे प्रॅक्टिस करणारे डॉक्टर होते, पीए नव्हेत. पण पायरी मधलीच.

१९४३ मध्ये ब्रिटिश सरकारने आरोग्य व्यवस्थेचा आढावा घ्यायला एक समिती नेमली. अध्यक्ष सर जोसेफ भोर. जन्म नाशिकचा, शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. १९४६ मध्ये भोर समितीचा अहवाल आला. त्यात देशात डॉक्टर होते सुमारे ४७,५००, म्हणजे साधारण ६,३०० लोकांमागे एक. आणि त्यातले जवळजवळ ३०,००० लायसेन्शिएट! दर तीन डॉक्टरांतले दोन मधल्या पायरीवरचे.

समितीने सांगितलं, दोन दर्जांचे डॉक्टर नकोत, देशात एकच ‘बेसिक डॉक्टर’ हवा. काही सदस्यांचा याला विरोध होता. आधीच डॉक्टर कमी, त्यात ही शिक्षणपद्धत बंद केली तर खेड्यात जाणार कोण, असं त्यांचं म्हणणं. हा वाद आजही ऐकल्यासारखा वाटतो ना? पण समितीचं बहुमत एकाच दर्जाच्या बाजूने होतं. मेडिकल स्कूल एक तर बंद झाली किंवा त्यांची कॉलेजं झाली. बी. जे. १९४६ मध्येच कॉलेज झालं.

मग आधीच प्रॅक्टिस करणाऱ्या लायसेन्शिएटांचं काय? त्यांच्यासाठी ‘कंडेन्स्ड एमबीबीएस’ नावाचा कोर्स निघाला. आधीचं शिक्षण आणि अनुभव धरून कमी काळात पूर्ण पदवी. चाळिशीतले, संसारी डॉक्टर पुन्हा बाकावर बसले, परीक्षा दिल्या आणि एमबीबीएस झाले.

म्हणजे ईरीच्या कितीतरी आधी आपल्याकडे पूल बांधून झाला होता. आणि लायसेन्शिएट संपल्यावर तो मोडून टाकला.

दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की एक पॅटर्न दिसतो. आपल्याकडे पूल झाला तो मधली पायरीच काढून टाकायची होती म्हणून. अमेरिकेत झाला तो फॅमिली डॉक्टर कमी पडत होते म्हणून. एखाद्या माणसाला वर जायची इच्छा आहे एवढ्यासाठी कुणी पूल बांधलेला मला तरी सापडला नाही. व्यवस्थेची गरज असेल तेव्हा ती तुमचा अनुभव मोजते. गरज नसेल तेव्हा तोच अनुभव शून्य.

ताईचं एक्सेल

भारतात पीएचं शिक्षण १९९२ मध्ये चेन्नईला सुरू झालं, मद्रास मेडिकल मिशनमध्ये, हार्ट सर्जन डॉ. के. एम. चेरियन यांच्या पुढाकाराने. हार्ट सर्जरीतच आपल्याकडे पीए जास्त का दिसतात, याचं एक कारण हेही. २०२१ मध्ये सहयोगी आरोग्य व्यवसायांचा केंद्रीय कायदा आला, त्याच्या यादीत पीएचं नाव आहे. त्यामुळे मधल्या पायरीला आता कायद्यात जागा आहे, वर जायची वाट मात्र तिच्यातून निघत नाही. ताईसाठी बदललेली गोष्ट एकच : मार्च २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नीटची कमाल वयाची अट काढून टाकली. त्याआधी खुल्या गटाला २५ ची मर्यादा होती.

तर एक्सेल असं झालं. पहिल्याच प्रयत्नात नीट निघाली तर ३० व्या वर्षी प्रवेश. साडेचार वर्षं आणि एक वर्ष इंटर्नशिप. हातात पदवी येईल तेव्हा ती साधारण ३६ ची. मधला सगळा पगार बुडणार, तो आकडा मी लाल रंगात दाखवला होता. खरं सांगू, मला तिला थांबवायचं होतं. मावशीनेही मला तेच सांगितलं होतं.

ताईने शीट बघितली. म्हणाली, “आकडे बरोबर आहेत. आता माझं ऐक. एका रात्री आयसीयूत एका पेशंटचं बीपी पडायला लागलं. काय करायचं ते मला माहीत होतं. मी फोन केला, सरांनी तेच सांगितलं, आम्ही तेच केलं. पेशंट वाचला. सकाळी त्याच्या मुलीने विचारलं, असं का झालं? आणि मला अर्धंच सांगता आलं. सात वर्षं माझं हे अर्धं राहिलंय रे.”

मला ईरीची ती दोन वर्षं आठवली, जी कुणासाठीही कमी केली नाहीत. तिला सात वर्षांची सूट नकोच होती. मी इतका वेळ तिच्या वतीने भलत्याच गोष्टीवर चिडत होतो.

म्हणून मी तिला ‘कर’ असं म्हणालो का? नाही. तो निर्णय तिने फोन करायच्या आधीच घेतला होता. पण तुमच्यापैकी कुणी नर्सिंग, फार्मसी, फिजिओ किंवा पीए करून याच विचारात असेल, तर इतिहासातून दोन प्रश्न घ्या. एक, मला जे कमी वाटतंय ते ज्ञान आहे, अधिकार आहे की पाटीवरचं नाव? उत्तर ‘पाटीवरचं नाव’ असेल, तर सहा-सात वर्षं फार महाग पडतात. दुसरा, मी पुलाची वाट बघतोय का? बघत असाल तर तो कधी आणि कुणाच्या सोयीने येईल, हे तुमच्या हातात नाही. चालायचं तर आहे त्या रस्त्याने.

सध्या दर रविवारी सकाळी दहाला मी ताईला फोनवर फिजिक्स शिकवतो. रोटेशनल मोशन चालू आहे. बीटेकनंतर मीही ते पुस्तक उघडलं नव्हतं, त्यामुळे शनिवारी रात्री आधी मी अभ्यास करतो. गेल्या रविवारी तिला नाइट ड्यूटी होती, तरी कॉलवर आली आणि दोन गणितांत माझी चूक काढली.

चला, आज इथेच थांबू. घरातल्या कुणा आजोबांच्या डॉक्टरांची ‘एल.सी.पी.एस.’ची पाटी आठवत असेल तर त्यांना हा एपिसोड ऐकवा, आणि पुढची गोष्ट त्यांच्याकडून ऐका. भेटू पुढच्या आठवड्यात. काळजी घ्या!