चौदा मेगापिक्सेलवरून दहावर: कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याची उलटी चाल

आजचा एपिसोड कॉम्पॅक्ट डिजिटल कॅमेऱ्यावर. तोच, जो पंधरा वर्षांपूर्वी लग्नात, सहलीत कुणाच्या तरी मनगटाला लटकलेला असायचा आणि आता रील्समध्ये पुन्हा दिसायला लागलाय. प्रश्न साधा आहे. या एवढ्याशा डबीतून चांगला फोटो यावा म्हणून काय काय केलं गेलं, आणि त्यातलं खरंच कामाला काय आलं?

सुरुवात आकड्यापासून करू. १९७५ मध्ये कोडॅकच्या स्टीव्हन सॅसनने बनवलेला पहिला डिजिटल कॅमेरा १०० बाय १०० पिक्सेलचा होता. म्हणजे फक्त ०.०१ मेगापिक्सेल! तिथून तीन-चार मेगापिक्सेलपर्यंत येताना प्रत्येक पायरीवर फोटो डोळ्यांना दिसेल इतका सुधारत गेला. त्यामुळे ‘आकडा मोठा, फोटो चांगला’ यावर लोकांचा विश्वास बसला तो काही उगाच नाही. दुकानदारालाही सोपं पडलं. लेन्स समजावून सांगायला अर्धा तास लागतो, आकडा सांगायला एक सेकंद.

गडबड पुढे झाली. कॅमेरा खिशात मावायला हवा, म्हणून सेन्सर वाढेना. चांगल्या, महागड्या कॉम्पॅक्टमध्येसुद्धा तो साधारण ७.६ बाय ५.७ मिलिमीटरचा, करंगळीच्या नखाएवढा. फुल-फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर क्षेत्रफळाने याच्या वीसपट. आता शेत तेवढंच, पाऊस तेवढाच आणि वाटेकरी मात्र दरवर्षी वाढतायत असं समजा. प्रत्येकाच्या वाट्याला पाणी कमीच येणार ना? इथे वाटेकरी म्हणजे पिक्सेल आणि पाणी म्हणजे उजेड.

उजेड कमी पडला की काय होतं, याचं गणित सोपं आहे. प्रकाशाचे कण, म्हणजे फोटॉन, एकसारख्या गतीने येत नाहीत, कमीजास्त येतात. पिक्सेलने सरासरी १०,००० फोटॉन गोळा केले तर चढउतार साधारण १०० चा, म्हणजे १ टक्का. पण १०० च मिळाले तर चढउतार १० चा, म्हणजे थेट १० टक्के! अंधारातल्या फोटोत रंगीत दाणे दिसतात ते मुख्यतः यामुळे. त्याला म्हणतात नॉईज. मग कॅमेऱ्यातलं सॉफ्टवेअर तो नॉईज पुसायला जातं, आणि त्याबरोबर केस, गवत, कापडाचा पोतही पुसून टाकतं. जुन्या अल्बममधले मेणासारखे चेहरे आठवले?

हे कुणालाच कळत नव्हतं असं नाही. २००६ मध्ये फुजीफिल्मने फाइनपिक्स एफ३० आणला. ६.३ मेगापिक्सेल, पण आयएसओ ३२०० पर्यंत, आणि कमी उजेडात त्या काळातल्या कॉम्पॅक्टमध्ये नाव काढणारा. तरी शर्यत सुटेना. पुढच्याच वर्षी त्याच मालिकेतला एफ५०एफडी १२ मेगापिक्सेलचा निघाला.

इकडे काही हौशी प्रोग्रामर वेगळ्याच उद्योगाला लागले होते, आणि हा भाग माझा सगळ्यात आवडता. कॅननच्या स्वस्त पॉवरशॉट कॅमेऱ्यांमध्ये रॉ फाइल मिळायची नाही. सेन्सरचा मूळ डेटा आत असायचा, पण हातात यायचा तो घासूनपुसून, दाबून बसवलेला जेपेग. या लोकांनी कॅमेऱ्याचं सॉफ्टवेअर उलगडून ‘सीएचडीके’ नावाचं फुकट सॉफ्टवेअर बनवलं. ते मेमरी कार्डवर टाकायचं, तिथूनच सुरू करायचं. कॅमेऱ्याचं मूळ फर्मवेअर जसंच्या तसं राहतं. मग त्याच स्वस्त कॅमेऱ्यात रॉ फाइल, लाइव्ह हिस्टोग्राम, स्वतःच्या स्क्रिप्ट्स, सगळं आलं. हार्डवेअर तेच. फक्त नॉईज किती पुसायचा आणि बारकावे किती ठेवायचे, हा निर्णय कंपनीकडून वापरणाऱ्याकडे आला.

आणि मग ती उलटी चाल. २००८ मध्ये कॅननचा पॉवरशॉट जी१० आला, १४.७ मेगापिक्सेलचा. भर उन्हात फोटो सुरेख, संध्याकाळी मात्र पंचाईत. २००९ मध्ये त्याचा वारसदार जी११ आला, सेन्सर तेवढाच आणि मेगापिक्सेल १०! नवीन मॉडेलचा आकडा जुन्यापेक्षा लहान. कमी उजेडात फोटो चांगला यावा, हेच कारण कंपनीने पुढे केलं. प्रत्येक पिक्सेलची जागा जवळपास दीडपट झाली. आता, फोटो लहान करून पाहिला तर पिक्सेलच्या आकाराने पडणारा फरक बराच कमी होतो, हेही खरं. पण एका मोठ्या कंपनीने चारचौघांत शर्यतीतून मागे पाऊल घेतलं, हे महत्त्वाचं.

त्याच वर्षी सोनीने कॉम्पॅक्टमध्ये बॅक-इल्युमिनेटेड सेन्सर आणला. त्यात उजेडाच्या वाटेत येणारं वायरिंग पिक्सेलच्या मागे गेलं. २०१२ मध्ये सोनीच्याच आरएक्स१०० मध्ये एक इंची सेन्सर खिशात आला, जी११ च्या अडीचपटीहून मोठा. पिक्सेल २० मेगा, तरी फोटो चांगला, कारण या वेळी शेतच वाढलं होतं.

आता तुमच्या हातातला फोन बघा. २०२० च्या सॅमसंग एस२० अल्ट्राचा आकडा १०८ मेगापिक्सेल. पण नेहमीच्या सेटिंगवर तो नऊ-नऊ पिक्सेल एकत्र करून १२ मेगापिक्सेलचाच फोटो देतो. आधी वाटण्या केल्या, मग पुन्हा सामायिक शेती! म्हणून फोन घेताना किंवा हजारो रुपये मोजून जुना कॉम्पॅक्ट घेताना, मेगापिक्सेलच्या आधी सेन्सर केवढा आणि लेन्स किती उजेड आत घेते, हे विचारा.

आणि कपाटात जुना कॅमेरा असेलच, तर लेन्स पुसा, आयएसओ ८० किंवा १०० वर ठेवा, डिजिटल झूम बंद करा, कॅमेरा भिंतीवर किंवा टेबलावर टेकवा आणि दोन सेकंदांचा टायमर लावा. स्थिर वस्तूचा फोटो असेल तर शटर जास्त वेळ उघडं राहिलं तरी चालतं, तेवढा उजेड जास्त मिळतो. पंधरा वर्षांत कंपन्यांनी जे केलं, तेच तुम्ही फुकटात करताय: पिक्सेलच्या पदरात चार फोटॉन जास्त टाकताय.

चला, भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये!