नागपूर : वस्त्रोद्योगातील कामगार-सुरक्षा

नागपुरातील सूतगिरण्या व तयार कपड्यांच्या कारखान्यांत कामगारांचा जीव, अवयव व फुप्फुसे वाचवण्यासाठी झालेले तांत्रिक आणि कायदेशीर उपाय. यांतील महत्त्वाचे काही उपाय येथे कायद्याने भाग पाडण्याआधीच योजले गेले.

एम्प्रेस मिल : जमशेटजी टाटा यांच्या सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनीची (स्थापना १८७४) ही गिरणी जुम्मा तलावाजवळ १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. व्यवस्थापक बेझनजी दादाभाई मेहता मूळचे रेल्वेतील होते. भारतात स्वयंचलित अग्निशामक फवारे (स्प्रिंकलर) आणि हवा दमट राखणारी यंत्रे प्रथम येथेच बसली, असे मानले जाते. गिरणीतील आग छताला व यंत्रांना चिकटलेल्या कापसाच्या तंतूंवरून क्षणात पसरते. उष्णता वाढताच फवाऱ्याचे तोंड आपोआप उघडते; घंटा वाजण्याची वा बंबाची वाट पाहावी लागत नाही. म्हणूनच या एका उपकरणाचे मोल मोठे आहे. दमटपणाची यंत्रे मुख्यतः कोरड्या हवेत सूत तुटू नये म्हणून होती. त्यांनी तरंगणारा तंतू कमी होतो, पण उन्हाळ्यात दमट उष्म्याचा त्रास वाढतो. त्यामुळेच १९४८च्या कारखाना अधिनियमात कृत्रिम दमटपणाच्या नियमनासाठी स्वतंत्र कलम (१५) आले.

गिरणीने १८८६ मध्ये निवृत्तिवेतन निधी उभारला आणि १८९५ पासून अपघाताची भरपाई देण्यास आरंभ केला. सरकारी कामगार नुकसानभरपाई अधिनियम १९२३चा. तो १ जुलै १९२४ रोजी अंमलात आला. मधल्या जवळजवळ तीन दशकांत देशातील बहुतेक गिरण्यांत बोटे वा हात गमावणाऱ्याला भरपाईचा असा कायदेशीर आधार नव्हता. एम्प्रेस मिलमधील या उपायांची उपलब्ध वर्णने मुख्यतः व्यवस्थापनाच्या बाजूची आहेत, हे ध्यानात ठेवावे.

कायदे : १८८१च्या पहिल्या कारखाना अधिनियमाने सात वर्षांखालील मुलांना कामास मनाई केली व धोकादायक यंत्रांभोवती कुंपण सक्तीचे केले, मात्र तो शंभर वा अधिक कामगारांच्या कारखान्यांपुरताच होता. १८९१ मध्ये ही मर्यादा पन्नासवर आली. कर्मचारी राज्य विमा योजना नागपुरात १९५४ मध्ये सुरू झाली.



धूळरोग : कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिस हा १९४८च्या कारखाना अधिनियमाखाली सूचनीय रोग ठरवण्यात आला. सुट्टीनंतर कामावर परतल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी होणे ही त्याची खूण.

संस्था : राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५६ मध्ये रामपूर (उत्तर प्रदेश) येथे सुरू होऊन १९५७ मध्ये नागपुरात आले. कामगार शिक्षणाच्या केंद्रीय मंडळाचे (आताचे दत्तोपंत ठेंगडी मंडळ) मुख्यालयही येथेच उभारले गेले.

सद्यःस्थिती : एम्प्रेस मिल १९८६ मध्ये राज्य वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये बंद पडली. मोठे कापड कारखाने आता नागपूरजवळच्या बुटीबोरी औद्योगिक वसाहतीकडे आहेत. शिलाईत धोके वेगळे : बोटात घुसणारी सुई, कटिंग यंत्राचे पाते, प्रेसची वाफ, जुनाट वायरिंग. सुईला व पट्ट्याला आडोसा आणि कटिंग करणाऱ्याला पोलादी जाळीचा हातमोजा हे उपाय स्वस्त आहेत. सर्वांत घातक म्हणजे तागे व गठ्ठ्यांनी अडलेला जिना आणि कुलूपबंद दार. बांगलादेशातील ताझरीन कारखान्याच्या आगीत (२४ नोव्हेंबर २०१२) शंभराहून अधिक कामगार दगावले, ते बाहेर पडण्याची वाट न मिळाल्याने.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार इमारतीतील अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दर जानेवारी व जुलैत द्यावे लागते. मात्र २०२०च्या व्यवसाय सुरक्षा संहितेने ‘कारखान्या’साठी कामगारसंख्येची मर्यादा विजेवर चालणाऱ्या जागेत १० वरून २० आणि विजेविना ४० केली. त्यामुळे पंधरा शिलाई यंत्रांवर पंधरा कामगार बसणारी खोली आता कारखान्याच्या व्याख्येबाहेर राहते.