सुपरमार्केटसमोर गाडी लावताना: दंड कोण करू शकतो, राखीव जागा कोणाची?

मुंबई उपनगरात गाडी घेणे एक वेळ सोपे, ती उभी करणे महाकठीण. डी-मार्टचे पहिले दुकान २००२ साली पवईत उघडले. तेव्हापासून अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड अशा सगळ्याच भागांत महिन्याचा किराणा हळूहळू वाण्याकडून सुपरमार्केटकडे सरकला. दहा किलो तांदूळ आणि तेलाचे डबे घेऊन बसने येणे जमत नाही, म्हणून लोक स्कूटर किंवा कार काढतात. शनिवार-रविवारी, आणि रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत तर रोजच रात्री, अशा दुकानांच्या गेटबाहेर दुहेरी रांग लागते.

मग कुणाच्या मोबाईलवर चालान येते, कुणाची स्कूटर टोइंगवाले उचलून नेतात, तर कुणाच्या चाकाला वॉचमन जॅमर लावून पाचशे रुपये मागतो. आपण या सगळ्याला ‘दंड’च म्हणतो. कायद्याच्या नजरेत मात्र या तिन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. पैसे देण्याआधी दोन प्रश्न विचारावेत: जागा कोणाची आहे, आणि पैसे मागणाऱ्याला तो अधिकार कोणी दिला? या दोन प्रश्नांच्या आधारे आम्ही इथे नियम एकत्र मांडत आहोत.

सार्वजनिक रस्ता: अधिकार पोलिसांचा

रस्त्यावर चुकीच्या जागी लावलेल्या गाडीला मोटार वाहन कायदा, १९८८ लागू होतो. फुटपाथवर, बस स्टॉपजवळ, झेब्रा क्रॉसिंगवर, वळणावर, आधीच उभ्या असलेल्या गाडीच्या बाजूला दुसऱ्या रांगेत किंवा एखाद्या इमारतीचे गेट अडवून गाडी लावता येत नाही. तिथे ‘नो पार्किंग’ची पाटी नसली तरी हा नियम मोडल्याचा दंड होतो.

पूर्वी हा दंड शंभर-दोनशे रुपयांत आटपायचा. केंद्राने २०१९ मध्ये कायदा बदलला आणि महाराष्ट्राने वाढीव दंड डिसेंबर २०२१ पासून लागू केले. कलम १७७ खाली आता पहिल्या वेळी ५०० रुपये आणि पुन्हा तीच चूक केल्यास १,५०० रुपये भरावे लागतात. गाडी उचलून नेली असेल तर टोइंगचा खर्च वेगळा.

मुंबईत ई-चालान २०१६ पासून सुरू आहे. त्यामुळे जागेवर रोख पैसे देऊन ‘मिटवण्याची’ गरज नाही आणि कुणी तसे सुचवले तर ऐकूही नये. चालानवर गाडीचा नंबर, जागा, वेळ आणि फोटो असतो. तो फोटो आधी नीट बघावा. नंबर चुकीचा वाचल्यामुळे दुसऱ्याच गाडीचे चालान आपल्या नावावर येऊ शकते. अशा वेळी वाहतूक पोलिसांच्या पोर्टलवर किंवा ॲपवर तक्रार करता येते. कॅमेऱ्याने पकडलेल्या गुन्ह्याची सूचना १५ दिवसांच्या आत पाठवावी आणि चालान निकाली निघेपर्यंत पुरावा जपून ठेवावा, अशी तरतूद ऑगस्ट २०२१ मध्ये नियमांत आली आहे.

दुकानदाराने रस्त्यावर ठेवलेले कोन, साखळी, कुंडी किंवा ‘फक्त आमच्या ग्राहकांसाठी’ ही पाटी यांना कायद्याचा आधार नाही. सार्वजनिक रस्त्यावर वाहतुकीची पाटी लावण्याचा अधिकार फक्त सरकारी यंत्रणेला आहे. दुकानासमोरचा रस्ता दुकानाचा होत नाही.

पालिकेचे वाहनतळ आणि २०१९ चा मोठा दंड

७ जुलै २०१९ पासून मुंबई महापालिकेने एक कडक मोहीम सुरू केली. पालिकेच्या सार्वजनिक वाहनतळांपासून ५०० मीटरच्या आत रस्त्यावर गाडी लावली, तर दुचाकीला किमान ५,००० आणि कारला किमान १०,००० रुपये दंड ठेवण्यात आला. अवजड वाहनांसाठी टोइंग आणि विलंब शुल्क धरून हा आकडा २३,००० च्या पुढे जात होता. वाहनतळ रिकामे आणि रस्ता तुंबलेला, हे चित्र बदलावे असा त्यामागचा हेतू होता. पण ज्याचा महिन्याचा पगारच पंधरा हजार आहे, अशा डिलिव्हरी करणाऱ्या मुलासाठी पाच हजार म्हणजे घरभाडे. टीका झाली आणि पुढे दंडाच्या रकमा कमी करण्यात आल्या.

यातून घ्यायचा धडा असा की खरेदीला निघण्यापूर्वी जवळ पालिकेचे वाहनतळ आहे का, हे पाहून ठेवावे. तिथला कंत्राटदार फक्त पालिकेने ठरवलेले शुल्क घेऊ शकतो. दरफलक दिसायला हवा आणि पावती मिळायला हवी. तो दंड करणारा अधिकारी नाही.

दुकानाचे आवार: शुल्क, दंड नव्हे

मॉल किंवा सुपरमार्केटच्या स्वतःच्या आवारात गोष्ट बदलते. ती खाजगी जागा आहे. तिथे गाडी आत घेताना आपण तिकीट घेतो, म्हणजे एक करारच करतो. ‘इतके तास, इतके पैसे’ ही अट गेटवर लिहिलेली असेल तर ती लागू होते. पण वॉचमनला किंवा व्यवस्थापकाला सरकारी दंड वसूल करण्याचा अधिकार कोणत्याही कायद्याने दिलेला नाही.

मग ‘तिकीट हरवल्यास ५०० रुपये’ या पाटीचे काय? भारतीय करार कायदा, १८७२ मधील कलम ७४ सांगते की करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा आहे. प्रत्यक्षात मिळते ती वाजवी भरपाई. अर्ध्या तासाच्या पार्किंगसाठी मनाला येईल ती रक्कम उकळता येत नाही.

इंग्लंडमध्ये नातेवाईक असलेल्यांनी तिकडच्या सुपरमार्केटची ‘पार्किंग चार्ज नोटीस’ ऐकली असेल. तिथे २०१५ मध्ये ‘पार्किंगआय विरुद्ध बीव्हिस’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ८५ पौंडांची आकारणी योग्य ठरवली. चेम्सफर्डच्या एका खरेदी संकुलात दोन तास मोफत होते आणि चालक सुमारे ५६ मिनिटे जास्त थांबला होता. पण तिथेही तो सरकारी दंड नाही, करारातील रक्कमच आहे. ती पाटीवर ठळक लिहिलेली होती, हा मुद्दा निकालात महत्त्वाचा ठरला.

मॉलने मुळात शुल्क घ्यावे का, यावर देशात एकमत नाही. इमारतीला परवानगीच ठरावीक पार्किंग देण्याच्या अटीवर मिळते, मग पुन्हा पैसे कशाचे, असा ग्राहकांचा प्रश्न आहे. गुजरात उच्च न्यायालयाने जुलै २०१९ मध्ये मॉलच्या विरोधात निकाल दिला. केरळ उच्च न्यायालयाने मात्र मॉलचा शुल्क घेण्याचा अधिकार मान्य केला. तेलंगणात २०१८ पासून पहिली ३० मिनिटे मोफत आहेत. मुंबईतले मॉल शुल्क घेतात.

‘गाडी स्वतःच्या जबाबदारीवर लावा’

ही पाटी सर्वत्र दिसते, पण ती व्यवस्थापनाची पूर्ण सुटका करत नाही. दिल्लीच्या एका हॉटेलमधून १९९८ मध्ये चोरीला गेलेल्या कारचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये दिला. चावी व्हॅले कर्मचाऱ्याच्या हातात दिली, तर गाडी ही हॉटेलकडे सोपवलेली अमानत ठरते. कर्मचाऱ्यांच्या निष्काळजीपणाची जबाबदारी पाटी लावून झटकता येत नाही, असे न्यायालयाने सांगितले. म्हणून चावी दिली की टोकन घ्या आणि जपून ठेवा.

व्हीलचेअरचे चिन्ह असलेली जागा

सगळ्यात जास्त हक्क मारला जातो तो इथे. दाराजवळच्या निळ्या चिन्हाच्या जागेत ट्रॉल्या रचलेल्या असतात, मालाचा टेम्पो उभा असतो, नाहीतर ‘दोनच मिनिटं’ म्हणणाऱ्याची कार. ही जागा रुंद ठेवतात, साधारण ३.६ मीटर, त्याला कारण आहे. कारचे दार पूर्ण उघडून बाजूला व्हीलचेअर लावावी लागते. नेहमीच्या अडीच मीटरच्या जागेत माणूस गाडीतून उतरूच शकत नाही. म्हणजे आपली दोन मिनिटे कुणासाठी तरी खरेदी न करताच घरी परतणे ठरते.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या कलम ४६ नुसार सरकारी असो वा खाजगी, प्रत्येक सेवा देणाऱ्याने ती दिव्यांगांना वापरता येईल अशी ठेवायची आहे. कायदा मोडल्यास कलम ८९ खाली पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत, नंतर ५०,००० ते ५ लाख रुपये दंड आहे. हे नियम केवळ शिफारशी असून चालणार नाहीत, ते बंधनकारक हवेत, असे सर्वोच्च न्यायालयाने राजीव रातुरी खटल्यात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी बजावले. तेव्हा ही जागा दुकानाची मेहरबानी नाही. दुकानाने ‘व्हीआयपी’ किंवा ‘स्टाफ’साठी ठेवलेली जागा मात्र फक्त त्याची अंतर्गत सोय आहे. दोन्हींची गल्लत करू नये.

अडचण आली तर

- पैसे मागणाऱ्याकडे छापील पावती मागा. पावती नाही, तर पैसे नाहीत.
- पाटी, दरफलक, तिकीट आणि गाडीची जागा यांचे फोटो काढा.
- खाजगी माणसाने गाडी अडवून धरली तर हुज्जत न घालता ११२ वर पोलिसांना कळवा.
- जादा शुल्काची तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर करता येते. तिथे तोडगा निघाला नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे.
- दिव्यांगांची जागा अडवली असेल तर आधी व्यवस्थापकाला लेखी कळवा. दाद लागली नाही तर पुण्यातील दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे तक्रार करा.
- चालान खरे असेल तर वेळेत भरून टाका.

आपल्याकडून चुकीचे पैसे कुणी घेऊ नयेत, हा आपला हक्क. तोच हक्क व्हीलचेअरवरून येणाऱ्या ग्राहकालाही आहे आणि आपल्या गाडीमुळे फुटपाथ सोडून रस्त्यावरून चालावे लागणाऱ्या म्हाताऱ्या माणसालाही.