सोने, तंबाखू आणि देवाचे आभार

अमेरिका म्हटले की आपल्याला स्वातंत्र्यदेवीचा पुतळा आणि १७७६ चा जाहीरनामा आठवतो. पण तिथली माणसे त्याच्या दीडशे वर्षे आधीपासून स्वतःविषयी लिहीत होती. ते लेखन वाचले, की स्वातंत्र्याच्या आधी जमीन, नफा आणि सत्ता यांचाच हिशेब समोर येतो.

१६०७ मध्ये व्हर्जिनियात जेम्सटाउन वसवले ते भागभांडवलावर चालणाऱ्या एका कंपनीने. भागधारकांना सोने हवे होते. कॅप्टन जॉन स्मिथने १६२४ च्या आपल्या इतिहासग्रंथात या वेडाची खिल्ली उडवली आहे. लोक पोटापाण्याची कामे सोडून चकाकणारी माती खणत बसले आणि ती जहाजात भरून इंग्लंडला धाडली. सोने काही निघाले नाही. १६०९-१० च्या हिवाळ्यात उपासमारीने वसाहत संपता संपता वाचली. मात्र हाच स्मिथ स्थानिकांना धाक दाखवून मका मिळवल्याचे अभिमानाने सांगतो. पुढे सोन्याची जागा तंबाखूने घेतली. तंबाखूला जमीन हवी, राबणारे हात हवेत. १६१९ मध्ये आफ्रिकेतून पकडून आणलेली वीसेक माणसे त्याच किनाऱ्यावर उतरवली गेली.

१६२० मध्ये उत्तरेला प्लिमथला आलेली मंडळी धर्मासाठी आली होती. त्यांचा गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड याने वसाहतीची हकीकत लिहून ठेवली आहे. गुरांचे आणि धान्याचे भाव चढले, जो तो जास्त जमीन मागू लागला आणि एकत्र राहणारी माणसे पांगली, याचे त्याला मनापासून दुःख आहे. त्याच हकीकतीत १६३७ ची घटना येते. इंग्रजांनी मिस्टिक येथील पिक्वॉट लोकांची वस्ती जाळली. सुमारे चारशे जीव गेल्याचे तो लिहितो. दृश्य भयानक होते हेही लपवत नाही. पण शेवटी या विजयाबद्दल देवाचे आभार मानले गेल्याचे सांगतो.

मला ब्रॅडफर्ड इथे फार महत्त्वाचा वाटतो. तो ढोंगी नव्हता. लोभाने आपला समाज मोडला तेव्हा त्याने तो ओळखला. दुसऱ्याचा समाज जळाला तेव्हा त्याला तिथे ईश्वराची इच्छा दिसली.

१७८२ मध्ये क्रेव्हकूर या मूळच्या फ्रेंच लेखकाने अमेरिकन म्हणजे नेमका कोण, हा प्रश्न विचारला. स्वतःच्या कष्टाचे फळ स्वतः खाणारा नवा माणूस, असे त्याच्या उत्तराचे सार. आणि त्याच पुस्तकात, दक्षिणेतल्या एका मळेवाल्याकडे जेवायला निघालेल्या निवेदकाला वाटेत पिंजऱ्यात टांगलेला, पक्ष्यांनी डोळे टोचलेला गुलाम दिसतो. तो त्याला पाणी पाजतो आणि पुढे जेवणाच्या घरी जातो.

हा प्रश्न तिथे १८६५ पर्यंत धुमसत राहिला. गुलामगिरी कायद्याने संपली आणि १८७३ मध्ये आपल्या जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक ती संपवण्यासाठी झटणाऱ्या अमेरिकनांना अर्पण केले. फुल्यांनी निवडला तोही अमेरिकनच होता, आणि पिंजरा टांगणाराही अमेरिकनच होता. एका देशाची ओळख या दोघांना मिळूनच होते. जुनी पुस्तके वाचायची ती एवढ्यासाठी, की आपल्यालाही स्वतःचा लोभ कुठे दिसतो आणि कुठे दिसत नाही, हे तपासता यावे.